गंधालीची तार आणि यशवंतराव सोनार

समता कॉलनी, रायपूर
रविवार, वामकुक्षी सोडून

तीर्थस्वरूप कुसुमताईस,

धाकट्या शरदचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्ष घालायला गेलो तर मला उठवायला पुष्करला रजा घ्यावी लागेल.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची साखर आटोक्यात आहे, की अजून डॉक्टरांसमोर एक आणि ताटासमोर दुसरंच चाललंय? आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण तसं ते नाही. पत्र बघून तू म्हणशील, हा माणूस फोन का करत नाही? कारण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि भाऊजी मधेच "शरदराव, रायपूरले पाऊस किती?" म्हणून शिरतात. मला जे सांगायचंय त्यात पाऊस कुठेच बसत नाही.

तर मुद्दा असा की आपल्या पुष्करच्या गंधालीनं दातांची तार काढून टाकायचा हट्ट धरला आहे. उपचार निम्म्यावर आलेत. डॉक्टरनं तिला सोळा तारखेपर्यंत विचार करायला सांगितलंय; तरीही नकोच असेल तर त्या दिवशी काढून देईन म्हणाली. तेरा महिन्यांचं सोसणं पाण्यात जाईल. आणि ताई, हे सगळं माझ्यामुळे झालं. हा विनय नव्हे. विनय माझ्या स्वभावात नाही हे तुझ्याइतकं कोणाला माहीत?

तू मागे आली होतीस तेव्हा पाहिलंच आहेस, पोरीचे वरचे दात पुढे. खालच्या दातांशी त्यांची गाठच पडत नव्हती, पोळीचा तुकडासुद्धा ती बाजूच्या दातांनी तोडायची. क्षमा डॉक्टरचा दवाखाना इथे कॉलनीतच आहे. वयानं पुष्करएवढी असेल, पण बोलणं एकदम स्वच्छ. पहिल्याच दिवशी म्हणाली, नुसतं दिसण्यासाठी करायचं असेल तर घाई करू नका. हिला नीट चावता येत नाही, दात नीट घासले जात नाहीत, उद्या सायकलवरून पडली तर पुढचे दोन आधी तुटतील, म्हणून करायचं. दोन वर्षं लागतील, आणि अर्धं काम तारेचं असलं तरी अर्धं पेशंटचं असतं. मग तिनं एकेका दातावर बारीक चौकट चिकटवली, त्यातून तार ओवली आणि आमच्या हातात सूचनांचा एक छापील कागद ठेवला.

इथे माझा प्रवेश होतो. सूनबाई रूपाली सकाळी ऑफिसला जाते, पुष्कर भिलाईला, गंधाली शाळेत, आणि दिवसभर घरात मी आणि फ्रिज. रेल्वेच्या ऑफिसात चौतीस वर्षं परिपत्रकं काढलेला माणूस मी, निवृत्तीनंतर चार वर्षांनी हातात एक कायदेशीर कागद आला! मी तो लॅमिनेट करून आणला आणि दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं फ्रिजच्या दारावर असा बसवला की फ्रिज भंगारात गेला तरी कागद जाऊ नये. मग अंमलबजावणी सुरू केली. कडक आणि चिकट पदार्थ बंद. पेरू बारीक फोडी करूनच, मक्याचे दाणे काढून, बर्फ चघळायचा नाही, च्युइंग गमचं नाव काढायचं नाही. काहीही खाल्लं की घासायचं, आणि तारेखालून जाणाऱ्या बारीक ब्रशनं दातांच्या फटीसुद्धा. दर महिन्याला तार घट्ट केली की तीन-चार दिवस दात ठणकतात, तेव्हा मऊ भात. (सोबत म्हणून मीही मऊ भात खायला लागलो. आता पोरीला नको असला तरी मला लागतो.) पोळ्याला शेजारच्या काकूंनी डबाभर ठेठरी पाठवली. तू खाल्ली आहेस ती, बेसनाची, आपल्या कडबोळ्याची थोरली आणि कडक बहीण. घरात मोह नको म्हणून मी ती कुलपात ठेवली आणि एकट्यानं संपवली. त्यात माझी एक दाढ हलली, पण ते असो.

प्रत्येक जेवणानंतर मी टॉर्च घेऊन तपासणी करायचो. पोरगी मुकाट्यानं आ करायची. एकदा पाहुणे बसले असताना केली, तेव्हाही तिनं आ केला, फक्त डोळे मिटून घेतले. ते डोळे मला तेव्हाच दिसायला हवे होते, पण माझं सगळं लक्ष तिच्या दाढेतल्या शेपूच्या पानाकडे.

ते पान डब्यातल्या भाजीचं, म्हणजे शाळेत घासणं होत नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "टाइम नहीं मिलता, आजोबा." (मराठी सगळी कळते, उत्तर हिंदीतून. आता मी त्यावर बोलणं सोडलंय.) वेळ मिळत नसेल तर वेळ मंजूर करून घ्यावा, हा माझा चौतीस वर्षांचा अनुभव. मी तिच्या वर्गशिक्षिकेला रीतसर अर्ज लिहिला, 'विषय : मध्यावकाश में दंत-मार्जन की अनुमति बाबत', आणि खाली पाच मुद्दे. बाईंनी अर्ज तत्काळ मंजूर केला. मंजूर करण्याआधी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला.

हे मला तेव्हा कळलं नाही. शाळेतून आल्यावर पोरगी अधाशासारखी जेवायला लागली एवढंच दिसलं, आणि मी रूपालीला सांगितलं, बघ, दात सुधारले तशी भूकही सुधारली.

मग आला तो रविवार. तारेचं मागचं टोक गालाला आतून टोचायला लागलं. दात सरकले की तार मागे उरते आणि टोचते, हे मला आता माहीत आहे. तेव्हा नव्हतं. गालाला आत फोड आला होता, पोरगी रडवेली. दवाखाना बंद. फ्रिजवरचा कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला, त्यात तार टोचण्याचं अवाक्षर नाही. आता बारीक तारेचं काम आपल्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कोण करतं? सदर बाजारामागच्या गल्लीतले यशवंतराव सोनार! तुझं नाक, पुष्करचे कान, सगळं त्यांच्याच हातचं. पोरीला स्कूटरवर बसवलं आणि गाठलं त्यांना.

यशवंतराव पंच्याहत्तरीचे, पण हात अजून स्थिर. डोळ्याला भिंग लावून म्हणाले, "घाबरून काहून राहिली पोट्टी? तुझ्या बापाचे कान मीच टोचले." आणि कट्‌. खरोखर एका क्षणात काम. पोरीचा चेहरा उजळला. तिथेच थांबले असते तर कदाचित थोडक्यात निभावलं असतं. पण त्यांचा जन्म गेला कुड्या नि बुगड्या घडवण्यात. ते म्हणाले, "एकच बाजू कापून कसं चालेन? जोडी बरोबर दिसाले पाहिजे." आणि दुसरीकडची चांगली तारही तेवढीच कापली. मी शेजारी उभा राहून मान डोलावली. येताना आम्ही दोघांनी कुल्फी खाल्ली. (मऊ असते. नियमात बसते.)

तीन आठवड्यांनी क्षमा डॉक्टरनं पोरीचं तोंड उघडून पाहिलं. तार आखूड झाल्यामुळे दोन्हीकडच्या शेवटच्या दाढांमधून सुटली होती, एका बाजूला घसरली होती, आणि वरच्या-खालच्या दातांमधली मिटत आलेली फट पुन्हा उघडली होती. तीन महिने मागे गेलो म्हणाली. तार कोणी कापली, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. "काका," ती म्हणाली, "कान सोनारानं टोचावेत हे मी ऐकलं होतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, टोचली तर तारेबरोबर दिलेल्या डबीतलं मेण टोकावर लावायचं आणि मला फोन करायचा, रविवार असला तरी. कागदाच्या मागच्या बाजूला सगळं लिहिलंय.

मागच्या बाजूला! घरी येऊन सुरीनं तो कागद खरवडून काढायला मला तासभर लागला. त्याच्याबरोबर फ्रिजचा रंगही आला. मागे खरंच सगळं होतं. तार टोचली तर काय, चौकट सुटली तर काय, आणि तळाशी डॉक्टरचा मोबाईल नंबर. जन्मभर कागदांच्या तळाशी 'कृपया मागे पाहावे' लिहिणाऱ्या माणसानं मागे पाहिलं नाही. मेणाची डबी तर मी जपून ठेवायची म्हणून कपाटात ठेवली होती, ती तिथेच होती.

पण त्याआधी, दवाखान्यात खुर्चीत बसल्या बसल्याच गंधाली म्हणाली होती, "निकाल दीजिए आंटी. मुझे नहीं करना." घरी आल्यावर मी टॉर्च तिच्या हातात दिली आणि माफी मागितली. तेव्हा तिनं सगळं सांगितलं. अर्ज वाचून दाखवल्यापासून ती नळावर घासायला गेली की मुली भोवती उभ्या राहून बघायच्या. म्हणून तिनं डबा खाणंच सोडलं. चार महिने, ताई. दुखण्याला ती कंटाळलेली नाही. बघणाऱ्यांना कंटाळली आहे, आणि बघणारे मी गोळा करून दिले.

आता अर्ज मी परत घेतला आहे, तोंडी. बाईंनी तिला स्टाफरूमच्या बेसिनवर घासायला सांगितलंय. तरी ती ऐकत नाही. तिचं शेवटचं बोलणं मला रोज आठवतं. "कुसुम आजी के दाँत भी तो ऐसे ही हैं ना. उन्होंने तो कुछ नहीं कराया. कितना हँसती हैं वो, मस्त रहती हैं." म्हणून हे पत्र.

मी पुष्कळ विचार केला. पंधरा वर्षांची आहे, दात तिचे आहेत, सोसणं तिचं आहे. तार काढल्यावरही रात्री लावायची प्लेट पुढे कित्येक वर्षं असतेच, कारण दात जुन्या जागेकडे परत जाऊ बघतात. एवढं करायचं तर तिच्या मनानं व्हायला हवं. ती नाही म्हणाली तर मी तोंडातून शब्द काढणार नाही, अगदी तुझी शपथ. पण तिनं खरं काय ते ऐकून नाही म्हणावं, एवढंच मला वाटतं.

भाऊजींना नमस्कार. पाऊस बरा आहे.

तुझा,
शरद

ता. क. मूळ काम राहिलंच. सोळा तारखेच्या आत गंधालीच्या नावानं दोन ओळी लिही. तार चांगली असं लिहू नकोस, ते डॉक्टर सांगते. फक्त हसताना तुझा पदर तोंडाशी का जातो, ते तिला सांग. फोटोतसुद्धा जातो. तुझ्या लग्नाच्या फोटोतही आहे. पाकीट मी न फोडता तिच्या हातात देईन.

ता. क. दुसरा. ताई, 'किसणी' हे नाव मी ठेवलं होतं. नऊ वर्षांचा होतो आणि सगळे हसले म्हणून मला फार आनंद झाला होता. आठवड्यात पुरानी बस्तीतला आपला अख्खा पारा, सगळी आळी, तुला त्याच नावानं हाक मारत होती. बाबा छडी घेऊन विचारत होते तेव्हा मी दाराआड उभा होतो. तू म्हणालीस, कोणी ठेवलं ते मला माहीत नाही. तुला माहीत होतं. पंचावन्न वर्षांत तू एकदाही त्याचा विषय काढला नाहीस आणि मीही काढला नाही. हेही पोरीला लिही. ती माझ्याशी चार दिवस बोलणार नाही, न बोलू दे. पण लिहिताना या वेळी माझं नाव गाळू नकोस.