दळणातली घट

बाबा, तुमच्या गिरणीत पुन्हा एक पोरगा आलाय. सोळा वर्षांचा, कुणाचीतरी बाईक पळवलेला. बाल न्याय बोर्डाने त्याला सुधारगृहात न ठेवता सहा महिने आपल्याकडे पाठवलंय, रोज दोन तास डबे उचलायला. समाजात राहून सुधारायचं म्हणे. समाज म्हणजे कोण, तर कळव्यातली मी एकटी! तुम्ही पूर्वी असाच एक ठेवलेलात, म्हणून बोर्डाच्या मॅडमना मला नाही म्हणता आलं नाही.

पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाईकं बदलली. डबा ठेवून 'बारीक दळ गं' म्हणत बाजारात जाणाऱ्या बायका आता पीठ हातात पडेपर्यंत हलत नाहीत. दोघी तर पलीकडच्या गिरणीत जायला लागल्या. मी तरी कुठे साधी? त्याच्या हातांवर नजर ठेवता ठेवता मी एकीच्या गव्हावर दुसरीची ज्वारी ओतली.

मी आठवीत असताना तुमच्या त्या पोरावर मीच आळ घेतलेला, पीठ चोरतो म्हणून. तुम्ही रागावला नाहीत. घरचे पाच किलो गहू माझ्यासमोर दळलेत, काट्यावर ठेवलेत. पीठ कमीच भरलं. "गिरणीवाल्याची पोर ना तू? घट येते माहीत नाही? थोडं दगडात राहतं, थोडं उडून तुझ्याच केसांत बसतं." लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

परवा कोपऱ्यावरच्या काकू डबा परत घेऊन आल्या. घरी वजन केलेलं. "दहा किलोत पाव किलो कमी आहे गं," म्हणाल्या, आणि बघतायत त्याच्याकडे. मला एवढंच म्हणायचं होतं, काकू, घट येतेच. तोंडून निघालं, "बॅग दाखव रे." त्याने बॅग उपडी केली, रोजची सवय असल्यासारखी. टॉवेल, पाण्याची बाटली, कंगवा.

"अजून काय दाखवू, ताई?"

तेव्हापासून तो आलेला नाही. उद्या मॅडम येतील, फॉर्मवर गैरहजेरीचं कारण लिहून द्यायचंय. 'न सांगता' लिहिलं की पोरगा सुधारगृहात, आणि माझ्या डोक्याचा ताप गेला. फॉर्म कोरा ठेवून तुम्हाला लिहीत बसलेय, हे कुठल्या पत्त्यावर टाकणार देव जाणे.

बाबा, काकूंचं ते दळण मी दळलेलं. डबाही मीच त्यांच्या हातात दिलेला, त्या दिवशी तो कामावर यायच्या आधी. बॅग दाखव म्हणताना मला हे ठाऊक होतं.