रंगरावाचा चेहरा

४ डिसेंबर, खामगाव

ज्या माणसाचा एकही फोटो उरलेला नाही, त्याचा चेहरा कसा घडवायचा? सुभेदारसाहेबांनी मुलाखतीत हे विचारलं आणि मी खरं ते सांगून टाकलं, की मला माहीत नाही. ते हसले. उद्यापासून या, म्हणाले.

तर मी आले! जानेफळच्या आमच्या घरातली पहिली पदवीधर, करिष्मा, आता नोकरदार. सुभेदारसाहेब म्हणजे वामनराव. फौजेतून निवृत्त झाल्यावर ते इथे सैन्यभरतीची तयारी करून घेतात. माझा धाकटा भाऊ प्रेम त्यांच्याकडेच राहून पळतो, दंड काढतो, भरतीची वाट पाहतो. मैदानाला लागून कापसाच्या जिनिंगचं जुनं गोदाम आहे, त्यात साहेबांना एक दालन करायचंय. दुसऱ्या महायुद्धात आपल्या गावांतून इटलीला गेलेल्या सैनिकांचा देखावा. थंडीतली नदी, उतार आणि पहारा देणारी एक तुकडी. सव्वीस जानेवारीला उद्घाटन.

खोली इमामबींकडे मिळाली. मी काय काम करते ते त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "बाहुल्या करून पगार भेटते? मंग आमी उगीच तुरी सोंगल्या वो जिंदगीभर."

८ डिसेंबर

सैनिक बोटाएवढे, प्लॅस्टिकचे. परदेशातून खोक्यात सुटे येतात: हात, पाय, धड, डोकं. पण ते सगळे गोरे, लांब नाकाचे, आणि सगळे धावताहेत. आपल्याला थंडीत ताटकळणारी माणसं हवीत. म्हणून मी गुडघ्याशी कापते, पाय सरळ करून पुन्हा चिकटवते. फटी पुट्टीने बुजवते. ओव्हरकोटाच्या चुण्या सुईच्या टोकाने काढते, आणि पुट्टी वाळायच्या आत मिशा. प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर तापवून ताणली की केसाएवढा धागा निघतो. त्याचे बंदुकीचे पट्टे होतात.

मी साहेबांना एक गोष्ट मागितली आणि त्यांनी मान्य केली. प्रत्येक सैनिकाला खऱ्या माणसाचा चेहरा द्यायचा, पायाशी नाव लिहायचं. पुस्तकांत यांचे फक्त आकडे असतात. आकड्याला कोणी आठवत नाही.

इमामबींनी त्यांच्या चुलत्याचा फोटो पेटीतून काढून दिला. चुलते परत आले होते, पुढे खूप जगले. फोटो देताना त्या म्हणाल्या, "याचा चेहरा कर खुशाल, हा घरी येऊन मेला. जो आलाच नाही, त्याले नको खडा करू बेटी."

का ते विचारलं, तर त्या गॅसकडे वळल्या. दूध उतू जात होतं.

१२ डिसेंबर

न आलेला माणूस आमच्याच घरातला आहे. माझ्या पणजोबांचा भाऊ, रंगराव. साहेबांनी त्याची हकीकत मिळवलीय. नदीकाठच्या उतारावर पहाऱ्याला त्याला उभं केलं आणि तुकडीला अचानक मागे हटायचा हुकूम आला. घाईत त्याला बदली पाठवायचं राहून गेलं. साहेब म्हणाले, पहारेकरी आपणहून जागा सोडत नाही. दुसरा येतो, समोर उभा राहतो, हुकूम ऐकून घेतो, मग पहिला जातो. रंगरावासमोर कोणी आलंच नाही. दुसऱ्या दिवशी माणसं परतली, तेव्हा त्या जागी कोणी नव्हतं.

देखाव्याच्या मधोमध तोच हवा, हे मी तिथेच ठरवलं. पण फोटो नाही. जानेफळला मनकर्णाआत्याला फोन केला. तिने तिच्या वडिलांकडून ऐकलेलं होतं: रुंद कपाळ, हनुवटीला खळगी. "आपल्या प्रेमासारखाच होता म्हने. त्यालेच पाह्य ना, आनिक काय पाह्यतं?"

मग प्रेमला ओव्हरकोट म्हणून घोंगडी पांघरली, हातात काठी दिली आणि नदीच्या जागी पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभं केलं. भरपूर फोटो काढले. तो सारखा हसत होता. "ताई, मी भरती व्हायच्या आंधीच माहा पुतळा करून राह्यली का वो तू?" पोरं टाळ्या पिटत होती. मी ओरडले, हलू नकोस, कोणी येईपर्यंत तिथून हलायचं नाही!

१६ डिसेंबर

रंगराव झाला. आजवर माझ्या हातून इतकं चांगलं काही झालेलं नाही. रुंद कपाळ, खळगी, डोळ्यांत एकेक ठिपका, ब्रशच्या एकाच केसाने. पायाशी नाव लिहून दुपारी उताराच्या टोकाला चिकटवला. साहेबांनी टाचा जुळवून सलाम केला. मला रडू आलं.

संध्याकाळी पोरं मैदानावरून परतली, त्यांत प्रेम नव्हता. टाकीपाशी उभा होता, ताठ. मी खांदा हलवला तेव्हा दचकला. म्हणाला, उन्हात डोळा लागला असंल. बूट ओले होते. टाकी तर कोरडी आहे, कालच रिकामी करून धुतली.

२० डिसेंबर

प्रेम जेवत नाही. शिट्टी झाली की सगळे पळतात, हा टाकीकडे जातो आणि उभा राहतो. डॉक्टरांनी पायाची बोटं पाहिली. पांढरी, मेलेल्या कातडीची. बर्फाच्या पाण्यात उभं राहिल्यासारखी, म्हणाले. आणि त्यांनी मलाच विचारलं, खामगावात बर्फ कुठला?

दुपारी आत्याचा फोन. आधी ती रागावली, की प्रेम घरी येणार हे मी कळवलं का नाही. कालच्या भर उन्हात तो अंगणात आला म्हणे, जाड कोट घालून, पाय निथळत होते. ओट्यावर बसला, पाणी मागितलं. इथली विहीर कुठं गेली म्हणून विचारलं. आत्याने तांब्या आणला, तर नव्हता.

जाताना काही बोलला का, मी विचारलं.

"हाव. बदली आली म्हने. सुटलो म्हने."

काल दिवसभर प्रेम माझ्या डोळ्यांसमोर होता. टाकीपाशी.

२१ डिसेंबर

मी प्रेमला सरळ विचारलं. तो माझ्याकडे न बघता बोलला, नदीकडे— टाकीकडे बघत. "तो किती वर्सं उभा होता, ताई. मी समोर आलो, त गेला बिचारा. आता मीच हाव."

मी हात धरून ओढलं. ओढवेना. चार पोरांनी ओढूनही हलला नाही. सावली पार लांबल्यावर आपोआप सैल पडला.

रंगरावाला बदली हवी होती. मी त्याच्या जागेवर प्रेमचा चेहरा नेऊन उभा केला. कोणी येईपर्यंत हलायचं नाही, हा हुकूमही मीच दिला.

२२ डिसेंबर

रंगरावाचा सैनिक उपटायला गेले. निघत नाही. हा डिंक मला ठाऊक आहे, कटरच्या टोकाने सुटतो. टोक बुटाखाली घातलं आणि मैदानावरून प्रेमची किंकाळी. घोट्यावर काप. रक्त.

चेहरा पुसावा म्हणून थिनरचा बोळा नुसता जवळ नेला. बाहेर तो डोळे चोळत ओरडू लागला.

काही केलं नाही मग. हात धुतले. पुन्हा धुतले.

२३ डिसेंबर

साहेबांना आज सगळं सांगितलं. त्यांनी प्रेमला टाकीपाशी जाऊन पाहिलं. सलाम केला नाही. माझ्याकडे आले. देखावा जाळू का, विचारत होते. मी प्रेमच्या घोट्याचा काप दाखवला. ते खाली बसले. पहारा मोडत नाही पोरी, बदलतो, एवढंच म्हणाले.

खोक्यातला एक बिनचेहऱ्याचा सैनिक समोर लावून पाहिला. काही नाही. नाव नाही, चेहरा नाही, तो कोणाची बदली करणार?

म्हणजे चेहरा हवा. जिवंत माणसाचा.

इमामबींनी ताट झाकून ठेवलं होतं. "तुह्या मनात काय चालू हाये ते मले दिसते," म्हणाल्या. "दुसऱ्याच्या लेकराले नको ढकलू, बस." त्या मला ओळखत नाहीत अजून. पण खरं सांगते, सकाळी वर्तमानपत्र उघडलं होतं. फोटो बघत होते. कोणीतरी अनोळखी. कोणाचा तरी—

नाही.

२४ डिसेंबर

प्रेमची नखं गळताहेत. ओठ निळे. इथे पोरं बनियनवर—

तो आता मला ताई म्हणत नाही. कोण तिकडे, असं विचारतो.

२६ डिसेंबर

झालं आहे. काल दुपारीच.

आरशात बघून केलं. नाक माझं, बसकं. वेणी कोटाच्या आत घातली. पायाशी माझं नाव लिहिलं. देखाव्यात प्रेमच्या चेहऱ्याच्या सैनिकासमोर उभी केली, तोंडाला तोंड, आणि मोठ्याने म्हणाले, बदली आली आहे, हुकूम सांग. मैदानावरून प्रेमचा आवाज आला, स्पष्ट. कोणी येईपर्यंत हलायचं नाही.

ऐकलं, म्हणाले.

मग त्या सैनिकाला उचललं. डिंक नसल्यासारखा हातात आला. चेहरा खरवडला, नाव खरवडलं. बाहेर कोणी ओरडलं नाही.

प्रेम आज तीन भाकरी जेवला. ठेचा मागून घेतला. लंगडत का होईना, पळाला. मी कुठे आहे ते त्याने पोरांना विचारलं. मी टाकीपाशी होते.

साहेबांना सांगितलंय, माझी सैनिक काढायची नाही. त्यांनी मान हलवली. डोळे पुसले.

पाणी घोट्याच्या वर आलं आहे. वहीवर पडत नाही, बोटांना मात्र लागतं. पलीकडच्या काठावर झाडं दिसतात, ही मी केलेली नाहीत.

प्रेम, हे तुझ्यासाठी. तुला सगळं कळेल, साहेब सांगतील. तू माझा भाऊ आहेस, तू काय करशील ते मला माहीत आहे. तुला हात चालवता येतात, पुट्टी तिथेच टेबलावर आहे. पण ऐक, माझ्या समोर कोणालाही उभं करायचं नाही. तू स्वतःला तर—