बाहेर बसायचे दिवस

नांदगाव पेठ, कार्तिक, शके १७८६

प्रिय चंद्रभानजी,

हे पत्र एकट्यानेच वाचा. तुमच्या रुख्मिणीच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून लिहायला लाज वाटते तेही लिहितो आहे.

माझ्या माणिकला जाऊन महिना होत आला. तेरवीला तुम्ही दोघं अकोल्याहून आलात, पण तिला काय झालं होतं ते तुम्ही विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. पुरुषांत पोटदुखी एवढंच सांगितलं जातं. तिचा विटाळ थांबून काही वर्षं झाली होती. मागल्या साली पोळ्याच्या सुमारास पुन्हा रक्त जाऊ लागलं. घरात त्याचं कौतुकच झालं. आई म्हणाली, "काहून वं सूनबाई, पुन्हा जवान होऊन राहिली का?" शेजारणीही हसल्या. रिवाजाप्रमाणे माणिक बाहेर बसायची, न्हाऊन घरात यायची, की लगेच पुन्हा बाहेर. तो आजार असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही. मग वेचणी आली. विलायतेची मागणी वाढल्यापासून कापूस फुटला की कोणाला उसंत नसते, हे तुम्ही जाणताच. वेचणीआधी शेतात दहीभात ठेवून सीतादहीची पूजा मालकिणीने करायची. विटाळात ती कशी करणार? तेव्हापासून तिने सांगणंच सोडलं.

पुढे ती कंबर धरून बसू लागली, तेव्हा मी तिला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना ती हात लावू देईना. आमच्या गावची सुईण खुर्शीदबी बरोबर होती. तिने पडद्याआड तपासलं आणि हाताला काय लागलं ते डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, गर्भाशयात वाईट गाठ आहे. विटाळ कायमचा थांबल्यावर रक्त दिसलं, तर तो विटाळ समजू नये. दर वेळी हाच रोग असतो असं नाही, पण लगेच दाखवावं. गाठ लहान आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असली तर क्वचित कापता येते, त्यातही जिवाला धोका आहेच. पसरल्यावर मात्र वेदनेसाठी अफू, एवढंच. आम्हाला अफूच मिळाली. शेवटी तीही पुरेना.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे रुख्मिणी विहिरीमागे एकटीच रक्ताचे कपडे धूत होती. खुर्शीदबीने पाहिलं. रुख्मिणी म्हणाली, "बहिणीचं दुखणं मले आलं, बी. कोणाले सांगशील तर माही शपथ हाये." खुर्शीदबी इतके दिवस गप्प राहिली. काल तिला राहवलं नाही. तिने आईला सांगितलं आणि आईने मला, भिंतीकडे तोंड करून.

वेचणी नत्थुजीवर सोपवा आणि हे पत्र मिळताच गाडी जुंपून तिला घेऊन या. दवाखान्यात खुर्शीदबी तिच्याबरोबर आत जाईल, तसं तिने कबूल केलं आहे. रुख्मिणीवर रागावू नका. ती म्हणेल, मी बाहेरची आहे, गाडीत कशी बसू, चार दिवस जाऊ द्या. ते चार दिवस तिला देऊ नका.

तुमचाच,
देवीदास