रंग वाळेपर्यंत

३ मार्च

आले एकदाची! होबार्टहून निघाले तेव्हा पाऊस होता, डोंगर उतरले तेव्हा लख्ख ऊन. किल्ल्या द्यायला आलेला गृहस्थ म्हणाला की बाई, हे ऊन बघून फसू नका, हा इथला पाहुणा आहे. घर लहानसं, लाकडी, पत्र्याच्या छपराचं. गावातली खाण कधीच बंद पडली, पण बंदर तासाभरावर आहे आणि किरनची बोट तिथेच लागते. माझा नवरा कॉन गेल्यापासून मला एवढंच हवं होतं. पोरगा समुद्रावरून आला की त्याच्यापुढे गरम सूप यावं, आणि ते मी वाढावं.

एक गंमत सांगायची राहिली. पुढचं दार उघडतच नाही. वर्षानुवर्षांच्या रंगाने ते चौकटीत असं गाडलं गेलंय की फट कुठे होती तेही कळत नाही. मी, माझे खोके आणि कॉनची आरामखुर्ची, सगळे मागच्या दाराने आत आलो.

६ मार्च

किरन येऊन गेला. नेहमीसारखा मागच्या पायरीवर बूट झटकून, धप्, धप्, आणि मग ओल्या मोज्यांनी थेट चुलीपाशी. दाराकडे बघून म्हणाला, आई, हे दार नाही, केक आहे, सुरी आण. आज पुन्हा शेवंडं धरायला गेला.

मला मात्र पुढचं दार हवंय. लहानपणी आमच्या घराला गडद हिरवं दार होतं. त्यावर हाताच्या आकाराची पितळी कडी. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्स आल्या की कडी वाजायची आणि आई ॲप्रन सोडत धावायची. सिस्टर इग्नेशिया सांगायच्या, दार ठोठावणाऱ्याला ताटकळत ठेवू नये. तो काय घेऊन आलाय ते आपल्याला ठाऊक नसतं. किरनला मी हे मुळाक्षरांसोबतच शिकवलं. अजूनही कुणी ठोठावलं की तो तोंडातला घास तसाच ठेवून उठतो.

आईची ती कडी माझ्याकडे आहे. लिंबू लावून घासली. सोन्यासारखी निघाली.

१० मार्च

सुतार आला, मर्व्ह बिसेट. अखंड बडबड्या आणि अखंड चहा पिणारा. पटाशीने रंग कापता कापता म्हणाला की ताई, लोक दार बाहेरून रंगवतात, हे आतून बुजवलंय, सुरीने फटीत रंग भरभरून. बहुतेक सासू बाहेर राहिली असेल! स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की चहा सांडला.

जुनं दार निघालं ते दोन तुकडे होऊनच. चौकटीतून गार वारा आत आला, आणि त्याबरोबर ओल्या लोकरीचा वास. मर्व्हने नवं दार बसवलं. इथल्याच पाइनचं, पिवळसर, वास घेत राहावा असं. बिजागऱ्यासुद्धा नव्या.

शेजारच्या ऑड्री पास्कोला दाखवायची घाई झालीय, पण ती बहिणीकडे बर्नीला गेलीय. या गावात सगळेच मागच्या दाराने येतात-जातात. आता निदान एका घराला तरी समोरून या म्हणता येईल.

१२ मार्च

अस्तर कालच दिलं होतं. आज हिरवा रंग दिला. हवा अचानक दमट झालीय. मर्व्हने बजावलं होतं की रंग वाळेपर्यंत दार लावायचं नाही, नाहीतर असं चिकटेल की मला परत बोलवावं लागेल आणि मी चहाबरोबर केकही मागेन. म्हणून दुपारभर दार आतल्या भिंतीला टेकवून सताड उघडं ठेवलं.

बटाटे सोलत होते. ठोठावल्याचा आवाज आला. तीनदा, अगदी अदबीने. मी नेहमीप्रमाणे हात पुसत गेले. या ना, उघडंच आहे, असं म्हणालेसुद्धा. व्हरांड्यात कुणी नव्हतं.

ओल्या रंगात बोटांच्या पेरांचे ठसे उमटले होते. मोठ्या पुरुषी हाताचे. कुणाची तरी खोडी म्हणून मी ब्रश फिरवून ते मिटवले.

आता लिहिताना लक्षात येतंय. दार आत वळलेलं होतं. रंगाची बाजू घरातल्या बोळात होती. म्हणजे ठोठावणाऱ्याचा हात उंबरठ्याच्या आत आला होता.

१३ मार्च

ऑड्री परतली. मागच्या दाराने घरी भाजलेले स्कोन घेऊन आली, बोळातून हिरवं दार दिसलं आणि खुर्चीच शोधू लागली. मग म्हणाली, नोरा, अगं हे काय करून बसलीस? मला विचारायचं तरी!

तिच्या आजीच्या वेळची गोष्ट. खाणीत आग लागली. मॅनेजर आणि फादर घरोघर पुढचं दार ठोठावत फिरले, हातात टोप्या धरून. ज्या बायांनी दार उघडलं त्यांना नवरा गेल्याची बातमी कळली. या घरात लॅव्हिनिया हॉकिंग राहायची. तिने पडद्याआडून दोघांना पाहिलं आणि दार उघडलं नाही. घरात होता तो रंग घेऊन आतून फट बुजवत बसली. ते ठोठावत राहिले, ती भरत राहिली. संध्याकाळी तिचा नवरा काळाठिक्कर, पण चालत, मागच्या दाराने घरी आला.

आणि त्यांच्याकडची बातमी? मी विचारलं.

ती दिलीच गेली नाही ना, ऑड्री म्हणाली. बाई, ती अजून बाहेरच उभी आहे. या घरातलं जे कुणी बाहेर असेल त्याच्या नावाने.

मी हसत तिला कालचं ठोठावणं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, काल दार तू उघडलं नाहीस, ते उघडंच होतं, म्हणून वाचलीस. आता लाव. आणि कुणी ठोठावलं तर उघडू नकोस, उघडलंस की बातमी खरी होते. तुझा पोरगा समुद्रावर आहे.

१४ मार्च

दार लावलं. रंग ओलाच. रात्रीपासून वादळ आहे.

सकाळी पुन्हा ठोठावलं. मी उठलेसुद्धा. पाय आपोआप चालायला लागले, हात कुलपापर्यंत गेला. मग बाजूच्या खोलीत जाऊन पडदा बोटभर सारला.

दोघं जण. टोप्या छातीशी धरलेल्या. चेहरे दाराकडे. व्हरांड्याच्या छपराखाली उभे असूनही कोटांतून पाणी गळत होतं.

मी जपमाळ म्हणायला बसले. कुठवर आले होते तेच विसरत होते.

१५ मार्च

रेडिओवर सांगितलं, एका बोटीशी संपर्क नाही. नाव सांगितलं नाही. बंदरावर फोन केला, लागत नाही, तारा पडल्यात.

उरलेला हिरवा रंग घेऊन बसले. लोणी लावायच्या सुरीने फट भरतेय. लॅव्हिनियासारखीच. या दमट हवेत वाळत नाही. भरावा तसा खाली ओघळतो. पलीकडून ठोठावतात तेव्हा सुरी आणखी जोरात दाबते.

ते घाई करत नाहीत. तेच सहन होत नाही. आवाज चढत नाही, रागावत नाहीत. जड काहीतरी सांगायला आलेल्या सभ्य माणसांसारखे—

१६ मार्च

ठोठावणं चालूच. डबा संपला. वरचा कोपरा अजून उघडा. तिथून लोकरीचा वास—

हे देवाच्या आई, त्याला मागून येऊ दे. मागून.

१६ मार्च, संध्याकाळ

आला!

धप्, धप्. मागची पायरी. किरन. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, पण किरन. बोट खडकाला लागली, दोन दिवस किनाऱ्यावर काढले, म्हणाला. आई, रडतेस काय, सूप वाढ. समोर बसून खातोय. माझ्या हातांवरचा हिरवा रंग बघून हसतोय. त्याला काही सांगितलेलं नाही, थकलाय, उद्या सांगेन. त्याच्याकडे बघत हे लिहितेय, लिहिलं की खरं वाटतं. दुपारपासून ठोठावणंही थांबलंय. बहुतेक गेले. तो परत आला, मग त्यांच्याकडची बातमी कुणाची—

ठोठावलं.

त्यालाही ऐकू आलं. चमचा ठेवला. मी म्हटलं, नको, वारा असेल. तो म्हणतो, वारा तीनदा ठोठावतो होय? तूच तर शिकवलंस, कुणाला ताटकळत—

उठला. मी बाही धरली, त्याने हसून सोडवली. बोळात गेला. दार चिकटलंय म्हणतोय. रंग ओला आहे, किरन, ओला— पाय रोवून ओढतोय— रंग सुटल्याचा आवाज—

आई, म्हणतो, दोन माणसं आहेत, टोप्या काढून उभी आहेत, म्हणतायत की किरन—