सिन्योर ओदेरोंना बारी दाखवल्याची हकिगत

बारी, डिसेंबरातला थंड रविवार

तीर्थस्वरूप फिलोमेनाताईस,

धाकट्या ओनोफ्रिओकडून दोन्ही गालांवर मुके. तोरिनोच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला? इकडे माझं पोट उत्तम आहे आणि आपल्या बहिणाबाई अर्कांजेलाचा आवाजही उत्तम आहे (अख्ख्या गल्लीला विचार). आता मुद्द्याचं. तुझ्या ग्रात्सिएलाचे होणारे सासरे सिन्योर ओदेरो ‘होणारे’ राहतील की नाही, हे तू माझ्यावर सोपवलंस. चूक तुझी आहे, पण सांगायला मलाच बसावं लागतंय.

तू लिहिलं होतंस, माणूस विधुर आहे, पुलांचा इंजिनियर होता, मुलीचं आजोळ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लग्नाला हो म्हणणार नाही. तर त्याला किल्ला दाखव, कॅथेड्रल दाखव, नाट्यगृह दाखव, म्हणजे आपण कुठल्या गावचे ते त्याला कळेल. मी कोट इस्त्री करून तयार होतो. पण तू त्यांना पाठवलंस कधी, तर सहा डिसेंबरला! तिकडे राहून संत निकोलाचा दिवस विसरलीस? गाडी आली पहाटे. किल्ला बंद, नाट्यगृह बंद, उघडं काय, तर संत निकोलाचं चर्च. म्हटलं, चला, इथूनच सुरुवात करू.

तळघरात नवऱ्याच्या शोधातल्या पोरींची ही झुंबड! मी मेणबत्ती घ्यायला वळलो तेवढ्यात हे गृहस्थ थेट त्या खांबापाशी, ज्याला तीन फेरे घालून पोरी संताकडे नवरा मागतात. पहिला फेरा त्यांनी दगड न्याहाळायला घातला. दुसरा, बोटाने टकटक करत, या खांबावर नेमका भार कशाचा ते पाहायला. इथवरही निभावलं असतं गं. पण त्यांचा चष्मा पडला, आणि तो चाचपडत ते गुडघ्यांवर पुन्हा पूर्ण गोल फिरले. विधुर माणूस, संत निकोलाचा दिवस, खांबाला तीन फेरे, आणि शेवटचा रांगत! एवढी तळमळ आपल्याकडच्या पोरींनीही कधी दाखवली नव्हती. म्हाताऱ्या विन्चेन्साने ते पाहिलं, छातीवर क्रूस काढला आणि आमच्या आधी गल्ली गाठली.

आम्ही पोचलो तेव्हा दारादारांत ओरेक्किएत्ते पास्ता वळणाऱ्या बायकांनी पीठ तसंच टाकून रस्ता अडवलेला.

“पेन्शन आहे ना हो? आणि दात स्वतःचे का?”

“माझी नणंद बघा, गुणी आहे, फक्त एका कानाने कमी ऐकते.”

“बरंच की! हे तोरिनोचे लोक बोलतात तरी कुठे!”

कुणीतरी त्यांच्या तोंडात कढईतून काढलेली मक्याची वडी कोंबली. तोंड भाजलेला माणूस मान हलवणार नाही तर काय करणार? बायकांनी तो होकार धरला. वडी कशीबशी गिळून त्यांनी मला थंडपणे विचारलं, “सिन्योर ओनोफ्रिओ, परतीची गाडी किती वाजता आहे?” ताई, ग्रात्सिएलाचं लग्न माझ्या डोळ्यांदेखत मोडत होतं.

तेवढ्यात पिठाच्या हातांनी अर्कांजेला बाहेर आली. “सोडा त्यांना! ठरलंय त्यांचं!” विन्चेन्साने विचारलं, “कुणाशी?” आपल्या बहिणीचं तुला ठाऊक आहे. तोंडातून शब्द बाहेर पडेपर्यंत तिच्या डोक्याला खबर नसते. “माझ्याशी!”

विन्चेन्साने पुन्हा छातीवर क्रूस काढला. ओदेरोंनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, तिच्याकडे नीट पाहिलं आणि हसले. “मग मला कुणी कळवलं कसं नाही?”

पुढे किल्ला त्यांना अर्कांजेलानेच दाखवला, मला घरी बसवून (ती शाळेनंतर आत गेलेली नाही, काय दाखवलं तिलाच माहीत). परत आल्यावर ते एवढंच म्हणाले, भिंती भक्कम आहेत. नाट्यगृह अजून राहिलंय. बाजारात तिची पिशवी धरून चालतात आणि मासेवाला सांगेल तो भाव देतात, म्हणून रोज तिच्या शिव्या खातात. गाडीचं नाव काढत नाहीत.

तुझा,
ओनोफ्रिओ

ता. क. ग्रात्सिएलाच्या लग्नाला त्यांचा होकार आहे. हे आधी लिहायला हवं होतं.

ता. क. दुसरा. खाली बसून वाच. त्यांनी अर्कांजेलाला खरोखरच मागणी घातली. म्हणजे तुझ्या लेकीची मावशीच तिची सासू होणार, आणि जिच्या वेण्या तू घातल्यास तिला विहीणबाई म्हणून तुलाच मान द्यावा लागणार.

ता. क. तिसरा, आणि पत्र याच्यासाठीच आहे. ती नाही म्हणतेय. कारण मी. “ओनोफ्रिओला जेवायला कोण घालणार?” म्हणते. मी तिला सांगितलं की तिच्या हातच्या जेवणाला मी कधीचा कंटाळलोय, तर तिने हसून मला आणखी वाढलं. तुझं ती ऐकते. तिला लिही की ओनोफ्रिओ स्वयंपाक शिकलाय आणि त्याला एकटं राहायची हौस आहे. स्वयंपाकाचं खोटं आहे. हौसेचंही. ती गेली की मी त्या स्वयंपाकघरात बसून रडणार आहे, तेवढं मात्र लिहू नकोस. लवकर लिही.