झाकलेला दिवा

मंगळवार, संध्याकाळ. कांदिवली.

राग आवरत नाही. जपाला बसलो, पण माळ तशीच हातात राहिली.

दर मंगळवारी गाडी पुसून स्टिअरिंगला हळदकुंकू लावतो. आज स्पीडोमीटरची काच पुसताना फडक्याला काळी चिकटपट्टी चिकटून आली. गाडी चालू केली, तर तिथेच पिवळा दिवा पेटला. घसरत्या गाडीच्या चित्राचा, तोच. मागच्या महिन्यात पुलाच्या उतारावर गाडी घसरून रस्त्यात आडवी फिरली, मागे आई बसली होती, तेव्हापासून तो पेटायचा. गाडी सावरणारी यंत्रणा बंद आहे, असा त्याचा अर्थ. मरोळच्या वर्कशॉपने चार दिवस ठेवून परवाच गाडी ‘दुरुस्त’ करून दिली. दिवा विझला म्हणून मी तिथे पेढे वाटले. पेढे!

फोन केला, तर सुपरवायझर हसतोय. “काका, पार्ट आला नाही ना अजून. दिवा बघून तुम्हीच घाबरत होता, म्हणून झाकला. हळू चालवा, काय होत नाय.”

म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. शनिवारी आईला घेऊन घाटातून गावी जाणार, हेही पेढा देताना मीच त्याला सांगितलं होतं. तरी झाकला. देवाने वेळेवर दाखवलं म्हणून हात जोडू, की आंधळेपणाने विश्वास ठेवला म्हणून स्वतःचेच कान धरू?

आईला म्हटलं, शनिवारचं रद्द. ती म्हणते, “अरे, पण दुरुस्त झाली ना?”

उद्या मरोळला जाणार. त्याला म्हणणार, तुझ्या आईला मागे बसव आणि त्या उतारावरून गाडी खाली आण. मी खाली उभा राहून बघतो.