अकराव्या प्रकरणाची बाही

चि. बटण यास,

मावशीचे पोटभर आशीर्वाद. (पुस्तक लिहिणाऱ्या मोठ्या माणसाला बटण म्हणावं की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. पण बटणांच्या डब्यात हात घालून वाढलेल्या पोराला दुसरं काय म्हणायचं?) तुझा खोकला कसा आहे? झोपताना खिडकी लावतोस ना? माझं म्हणशील तर मशीनचं पेडल मारताना गुडघा कुरकुरतो आणि सुईचं नेढं दिसत नाही. दिसलंच तर दोन दिसतात, मी अंदाजानं मधोमध दोरा घालते. बाकी प्रकृती उत्तम.

तू कादंबरी पाठवलीस, छापायला द्यायच्या आधी मावशीचं मत हवं म्हणालास, यानं माझी छाती इतकी फुगली की ब्लाउज उसवावा लागला असता. माझं शिक्षण ते केवढं! गिऱ्हाइकं कापड ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची, त्यावरून मी वाचायला शिकले. (म्हणून मला जगातल्या सगळ्या बातम्या अर्ध्याच माहीत असतात.) तरी दुकानाचं दार ओढून, चष्मा पुसून वाचायला बसले. पहिली दहा प्रकरणं अशी वाचली की समोरच्या चहावर साय धरली. ते शिवणाच्या दुकानात वाढणारं पोरगं फार गोड उतरलंय. आई नाही, मावशी सांभाळते, बाबा बोटीवर असतात आणि दर वाढदिवसाला कुठल्या तरी बंदरातून त्याला एक शर्ट पाठवतात. मग पोरगं तो अंगात चढवून 'बाबांनी पाठवला, बाबांनी पाठवला' करत गल्लीभर नाचतं. वाचताना मला हुंदका आला. (मावशीला मात्र तू नको तेवढी जाडी केलीस. कादंबरीत शोभत असेल म्हणून केली असशील.)

आता वाईट बातमी. अकरावं प्रकरण कापलं गेलं. पुस्तकवाले कापतात तसं नव्हे, कात्रीनं. त्याचं असं झालं. आपल्या दुकानातली काजेवाली तुला आठवतच असेल, अजून तीच काजं-बटणं करते. तिला एका बाजूनं कोरा कागद दिसला की तो नमुना कापण्यासाठीच जन्माला आलाय असं वाटतं. मी घटकाभर बाहेर गेले आणि परत येऊन बघते तो टेबलावर अकरावं प्रकरण नाही. त्याच्या जागी, कागद कागदाला चिकटवून कापलेला लहान मुलीचा फ्रॉक: पुढचा भाग, पाठ, दोन बाह्या, कॉलर. बरं, एवढ्यावर भागतंय कुठे! वकिलीणबाईंना नातीसाठी घरी फ्रॉक शिवायची हौस आलेली, त्या नमुना मागत होत्या. काजेवालीनं ती गुंडाळी उचलून त्यांच्या हातात दिली.

मी पायात उलटसुलट चपला घालून धावले. तोवर वकिलीणबाईंनी पुढचा भाग ठेवून घेऊन पाठ जावेला दिली होती, बाह्या वरच्या मजल्यावरच्या शाळेतल्या बाईंकडे आणि कॉलर, का कोण जाणे, इस्त्रीवाल्याकडे गेली होती. वकिलीणबाई दार अडवूनच उभ्या. "अहो, तुमच्या फ्रॉकच्या छातीवर लिहिलंय की पोरानं शर्ट उलटा केला. मग दिसलं काय त्याला?" मी म्हटलं, "बाई, तुम्ही फ्रॉक शिवा." "शिवते हो, पण दिसलं काय?" शाळेतल्या बाईंनी तर बाहीवर लाल शाईनं खुणा करून ठेवलेल्या. (तुझ्या दोन चुका निघाल्या. बाकी अक्षरवळण सुधारलंय म्हणाल्या. कॉम्प्युटरचं आहे हे मी सांगितलं नाही.) इस्त्रीवाल्याच्या वाट्याच्या कॉलरवर नेमका 'बोट' हा शब्द आलेला. त्यानं गरम इस्त्री तशीच हवेत धरून मला विचारलं, "ताई, बाप बुडाला का हो?" आता सगळी गल्ली त्या पोराच्या मागे लागलीय. माप द्यायला आलेली माणसं दोन्ही हात पसरून उभी राहतात आणि त्याच अवस्थेत विचारतात, पुढे काय झालं.

मला कसं माहीत असणार? मी ते प्रकरण वाचलेलंच नाही. पण तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. काल एका सदऱ्याला तीन बाह्या कापल्या. सारखं मनात येतं, शर्ट उलटा केला की दिसणार काय? शिवण दिसणार. बाजारातल्या तयार शर्टाला आत बोटभरसुद्धा माया सोडलेली नसते, तिथे कापडाची काटकसर असते. वाढत्या पोराचा शर्ट घरात शिवला, तर शिवणारी बाई दोन्ही बाजूंना आणि खाली चार चार बोटं कापड आत दुमडून ठेवते. पोर वाढलं की उसवायचं आणि सोडायचं. हे आपलं मी उगाच सांगतेय. कादंबरीशी याचा काही संबंध नाही.

तर माझं मत असं, की अकरावं प्रकरण गेलं ते बरंच झालं. दहाव्याची कड बाराव्याला जोडून टाक, वरून इस्त्री फिरव, कुणाला जोड दिसणार नाही. पोरगं आहे तसं राहू दे. नाचतंय तर नाचू दे. त्याला काय कळायचं ते पुढे कळेलच की, तुला एवढी कसली घाई? आपल्याकडे तर प्रत उरलेली नाही, म्हणजे प्रश्नच मिटला, असं मी धरून चालले होते. पण आज सकाळी इस्त्रीवाला म्हणाला की कॉम्प्युटरमध्ये दुसरी प्रत असतेच. तेव्हापासून घास घशाखाली उतरत नाही. छपाई कधी आहे ते ताबडतोब कळव. खोकल्याला गरम पाणी पीत जा.

तुझी
(एवढी काही जाडी नसलेली) मावशी

ता. क. काजेवालीवर रागावू नकोस. तिनं फक्त गुंडाळी उचलून दिली. कात्री माझी होती. कापल्यावर जाळणार होते, पण हात होईना. म्हणून नमुन्यांच्या कपाटात मागे सारून ठेवलं, आणि तिनं नेमकं तेच काढलं.

आणखी एक. कापायच्या आधी मी ते वाचलं होतं. दोनदा. पोरगं बाराव्या वाढदिवसाचा शर्ट उलटा करतं, आत चार बोटं माया बघतं. बोटीवरून असा शर्ट येत नाही, मुळात बोटच नाही, हे त्याला तिथल्या तिथे उमगतं. मशीनवर बसलेल्या मावशीकडे एकदा बघतं. मग शर्ट सुलटा करून अंगात घालतं आणि बाहेर जाऊन दरवर्षीपेक्षा जोरात नाचतं. आणि पुढेही दरवर्षी. ती मावशी दाराआडून बघत असते. तिला वाटत असतं, याला काही म्हणता काही कळलेलं नाही. बटणा, हे तू मनानं रचलंस का रे? राहू दे, उत्तर लिहू नकोस.

शेवटचं, म्हणजे ज्यासाठी कागद घेऊन बसले ते. प्रकरण ठेव. वकिलीणबाई आता मला ते काढू देणार नाहीत. फक्त पोराचं वय तेवढं सोड. बारावं मला फार घट्ट होतंय. अठराव्या वर्षी मी तुला शेवटचा शर्ट दिला, तिथपर्यंत नेता आलं तर बघ. आत कुठेतरी दुमडलेलं असेल, उसवून पाहा.